पातीची डावी कड

दसऱ्याच्या मागेपुढे आमच्या मेडशीच्या शिवारात सोयाबीनची पानं गळून जातात. उरतात नुसत्या काड्या आणि त्यांना लगडलेल्या तपकिरी शेंगा. वारा आला की अख्खं वावर खुळखुळतं. माझ्या लहानपणी इथे कापूस आणि ज्वारी होती, तेव्हा हा आवाज नव्हता. तो माझ्या तरुणपणी आला. पहिली काही वर्षं मला तो आवडायचाही. गेली सत्तावीस वर्षं मात्र तो सुखानं ऐकता आलेला नाही.

आता मी वाशिमला राहतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. ऑक्टोबरात शाळेतून परतताना रस्त्याच्या कडेला वाळत घातलेल्या सोयाबीनचा वास येतो, थोडा धुळीचा, थोडा कच्च्या तेलाचा. आणि माझं लक्ष स्वतःच्या हातांकडे जातं. गाडीच्या हँडलवर दोन्ही हात शेजारी शेजारी असतात. दिसायला सारखेच.

पहिलीच्या वर्गाला डावं-उजवं शिकवायचं असतं. सोपी रीत सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या हातानं जेवता तो उजवा. यंदा मी असं म्हणालो, सगळ्यांनी आपापला जेवायचा हात वर केला आणि दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं डावा केला. पोरं हसली. ती गोंधळून म्हणाली, "सर, मी याच हातानं जेवतो." आमच्याकडे मुलीही 'जेवतो'च म्हणतात. मी तिला सांगितलं की तुझं बरोबर आहे, माझीच रीत चुकली. पोरांना वाटलं, सर गंमत करतात. मी गंमत करत नव्हतो. माझी रीत फार पूर्वी चुकली आहे, आणि त्या चुकीत एका बाईचं पुढचं आयुष्य गेलं आहे.

भाषेत हे दोन हात कधीच सारखे नव्हते. मुलीचं लग्न झालं की ती उजवली. पोटी मूल राहिलं की कूस उजवली. दोघांत जो चांगला तो उजवा. साहेबाचं काम करून देणारा माणूस म्हणजे त्याचा उजवा हात. आणि कोणाला बाजूला सारायचं असलं की आपण त्याला डावलतो. पंगतीत एकाला दोन लाडू, दुसऱ्याला एक वाढला, तर वाढणाऱ्यानं डावं-उजवं केलं. ताटात भाजी उजवीकडे, मीठ डावीकडे. मिठावाचून जेवण जात नाही, तरी त्याची जागा तीच. हे कोणी बसून ठरवलेलं नाही. पण सगळं आयतं तयार आहे, आणि आयती गोष्ट किती घातक असते हे मला त्या एका सोंगणीनं, सोयाबीनच्या कापणीनं, शिकवलं.

आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्याबरोबर शकुन-अपशकुनही घराबाहेर काढले, असं बाबा अभिमानानं सांगायचे. डोळा लवो, मांजर आडवं जावो, आमच्या घरात त्याची चर्चा होत नसे. कोणी डाव्या हातानं काही दिलं तर शेजारच्या गल्लीत ते नाकारत. आमच्याकडे घेत. लहानपणी मला हे फार मोठं वाटायचं. आपण शहाण्या घरातले आहोत, ही जाणीव मी अंगावर नव्या शर्टासारखी घालून फिरत असे.

पंचफुला आत्या डावरी होती. बाबांची दूरची चुलत बहीण, दोन घरं सोडून राहायची. आईची आणि तिची जोडी जुनी. निंदण असो, वेचणी असो, सोंगणी असो, दोघी एकाच टोळीत. डाव्या हाताला चालणारा विळा बाजारात मिळत नाही, दाते उलट्या अंगानं पाडावे लागतात. आत्या गावातल्या लोहारासमोर बसून तो पाडून घेई. लोहार चिडायचा. "पंचफुले, तुह्यासाठी मले माहा हात उलटा करा लागते." ती म्हणायची, "मंग कर ना बाप्पा. माहा त जन्मापासून उलटा हाय, मी कोनाले बोलली का?"

तिच्याइतक्या वेगानं सोंगणारी बाई त्या काळी वस्तीत नव्हती. अंगात लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलशर्ट, हाताला फडकं गुंडाळलेलं, आणि वाकली की विळ्याचा एकसारखा खर्र खर्र आवाज. बाया रांगेत बसतात, प्रत्येकीच्या वाट्याला काही तासांची, म्हणजे पिकाच्या ओळींची, पट्टी येते. तिला पात म्हणतात. आत्याची पात ठरलेली असायची. रांगेच्या अगदी डाव्या कडेची, धुऱ्यालगतची, म्हणजे बांधाला लागून. तिथे गवत जास्त, काटेरी झुडपं, कधी साप. तरी ती कोणाला ती पात घेऊ देत नसे. मी लहानपणापासून हे पाहत आलो होतो आणि त्याचा अर्थ मी माझ्या मनानं लावून घेतला होता. डावरी म्हणून हिला कडेला बसवतात. वस्ती बदलली, मन बदललं नाही. असं मला वाटायचं, आणि रागही यायचा.

त्या वर्षी मी तेवीसचा होतो. डी.एड. झालं होतं, नोकरीच्या ऑर्डरची वाट पाहत घरी होतो. दिवसभर वाचायचो, संध्याकाळी विहारात पोरांना समतेवर बोलून दाखवायचो. बोलता चांगलं यायचं मला. सोंगणीच्या दुसऱ्या दिवशी बाबा हडंबा ठरवायला गावात गेले, आमच्याकडे मळणीच्या मशीनला हडंबा म्हणतात. जाताना म्हणाले, "बायायकडे ध्यान देजो. आभाळ आलं त सुडी झाकून घेजो." म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग आणि अख्खं वावर माझ्या ताब्यात. टोळीत सहा जणी होत्या. आत्या, आई आणि वस्तीतल्याच चौघी.

अकराच्या सुमारास पश्चिमेकडे ढग दिसले. कापलेलं सोयाबीन भिजलं तर काळं पडतं, म्हणून घाई करायची होती. आत्या कडेच्या पातीत एकटी वीस हात पुढे गेली होती, बाकीच्या मागे. मला वाटलं, हिला मधे घेतलं तर दोन्ही बाजूच्या बाया तिच्या वेगानं ओढल्या जातील. विचार वाईट नव्हता. पण खरं सांगायचं तर त्यामागे दुसरा विचार होता, तो मला जास्त प्रिय होता. आज मी हिला कडेवरून उठवून मधे बसवणार होतो.

"आत्या, कडेची पात सोडा. इकडं मंधात या."

ती उठली नाही. "मले मंधात नोको बसवू रे मिल्या. माहा हात उलटा चालते."

"त्यानं काय होते?"

"होते. तुले नाई समजत. मी इथंच बरी."

आई म्हणाली, "राहू दे ना तिले तिथं. रोजची जागा हाय तिची."

मी हसलो. ते हसू मला अजून आठवतं, माझ्या तोंडात अजून त्याची चव आहे. मी म्हणालो, "आपण बौद्ध मानसं आत्या. हे डावं-उजवं सोडून किती वर्सं झाली? तुमीच असं मानून राह्यल्या त पोरायनं काय शिकावं?"

शिकलेल्या पोरानं विहारातला शब्द काढल्यावर कोण काय बोलणार? आत्यानं एकदा आईकडे पाहिलं, विळा उचलला आणि मधल्या पातीत येऊन बसली. तिच्या डाव्या हाताला आई आली.

जे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं आणि मला नव्हतं, ते इतकं साधं होतं. उजवी बाई उजव्या हातात विळा धरते, डाव्या हातानं झाडं पकडते. त्यामुळे रांगेत प्रत्येकीच्या विळ्याशेजारी शेजारणीचा झाडं धरणारा हात असतो, विळा नसतो. डावरी रांगेच्या डाव्या कडेला बसली की तिचा विळा धुऱ्याकडे चालतो आणि कोणाला लागत नाही. तिला मधे बसवलं की तिचा विळा आणि तिच्या डावीकडचीचा विळा एकाच फटीत येतात. कडेची पात हा अपमान नव्हताच. सगळ्यांचे हात शाबूत राहावेत म्हणून कष्टकरी बायांनी शोधलेली ती जागा होती. मी तिला अंधश्रद्धा समजलो. वावरात वाकून काम करणारा कोणताही अडाणी माणूस ही चूक करणार नाही. त्यासाठी माझ्याइतकं शिकावं लागतं.

अर्धा तासही गेला नसेल. आईनं पुढचं झाड कापायला हात लांब केला, त्याच वेळी आत्याचा विळा आला. आई ओरडली नाही. आधी आत्या ओरडली.

उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारचं आणि मधलं, सांध्यापाशी खोल कापली होती. आत्यानं आपल्या हाताचं फडकं सोडून आईच्या हाताला आवळलं. मी पाणी आणायला धावलो आणि रिकामाच परत आलो. पाण्याचा माठ कुठे आहे तेच मला आठवत नव्हतं. तेवढ्यात बाबा आले. त्यांनी आईचा हात पाहिला, रांग पाहिली, आणि शेतकऱ्याच्या नजरेला जे लगेच दिसायला हवं ते त्यांना दिसलं.

"हिले मंधात कोनं बसवलं?"

एवढाच प्रश्न होता. उत्तर तीन अक्षरांचं होतं, 'मी बाबा'. तेवढीही निघाली नाहीत. मी म्हणालो, "आत्याच आल्या मंधात."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं आईकडे पाहिलं. आई मातीकडे पाहत होती. चौघी बायाही मातीकडे पाहत होत्या. माझा आवाज सगळ्यांनी ऐकला होता, अर्ध्या तासापूर्वीचाही आणि आत्ताचाही. मग त्यांच्यातली एक जण हळूच म्हणाली, "डावरीचा हात. लागलाच शेवटी." बाकीच्यांनी सुटकेचा श्वास टाकला. हे वाक्य खोटं नव्हतं, म्हणून ते जास्त वाईट होतं. आयतं होतं. ते कोणाला बनवावं लागलं नाही. आमच्या घरानं, आमच्या वस्तीनं जे बाहेर फेकलं असं मी विहारात सांगत होतो, ते धुऱ्यापलीकडे नुसतं पडून होतं, हात लांब केला की मिळेल इतकं जवळ. आणि मी ते उचलू दिलं.

आईला टाके पडले. बोटं वाचली, पण वाकेनात. तीन महिने ती डाव्या हातानं जेवली. तिचा घास तोंडाशी जाईपर्यंत अर्धा सांडायचा. मी समोर बसून जेवायचो. एके दिवशी ती म्हणाली, "पंचफुलेले कसं जमते बाप्पा हे?" तिला विचारायची सोय नव्हती, पंचफुला आमच्या घरी येईनाशी झाली होती.

त्या सोंगणीत तिला दुसऱ्या कुठल्या टोळीनं घेतलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. "डावरी नोको" एवढंच म्हणायचे, भांडण नाही, शिवी नाही. कडेची पात द्यायलाही कोणी तयार नव्हतं, कारण आता ती कड सोडून मधे घुसणारी बाई ठरली होती. ते मी ठरवलं होतं. सोंगून झालेल्या वावरात गळलेल्या शेंगा पडलेल्या असतात, त्या वेचून नेण्याला सर्वा वेचणं म्हणतात. म्हाताऱ्या बायांचं काम ते. आत्या तेव्हा पंचेचाळिशीचीही नव्हती. थंडीत माझी ऑर्डर आली, मी एसटीत खिडकीपाशी बसलो, आणि गावाबाहेर मोकळ्या वावरात ती दिसली. एकटी. डाव्या हातानं शेंगा वेचत होती. अवतीभवती कोणी नव्हतं, त्यामुळे तो हात कोणालाच लागणार नव्हता.

नोकरीत मी नाव कमावलं. माझ्या वर्गात डावऱ्या मुलाला कोणी टोकायचं नाही, असा माझा नियम. पालक त्याचा हात बांधून ठेवतात असं कळलं तर मी घरी जाऊन समजावतो. सोबतचे शिक्षक कौतुक करतात. प्रत्येक वेळी कौतुक ऐकताना मला वाटतं, हे मी कोणाच्या जिवावर घेतोय?

बरीच वर्षं मी माझ्याशी एक हिशेब मांडून बसलो होतो. मी खोटं बोललो, पण त्या पाच जणी गप्प राहिल्या. आई गप्प राहिली. मला वाचवून तिनं मला कायमचं खोटं केलं, असंही मी मनात म्हणायचो. बाबा गेले त्या वर्षी मी हे आईसमोर बोललो. म्हणालो, तू त्या दिवशी खरं का सांगितलं नाहीस? तिनं आपली न वाकणारी बोटं मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "मी काहून सांगू? मी तुह्याकडे कान लावून बसली होती. मले वाटलं, आता बोलन माहा लेक. आता बोलन." मग म्हणाली, "मंग पंचफुलेकडे पाहाची माही हिंमत झाली नाई." दगा मला आईनं दिला असं मी समजत होतो. मातीकडे पाहत ती माझीच वाट बघत होती.

यंदा सोंगणीच्या दिवसांत मी मेडशीला गेलो. आता बरीच वावरं हार्वेस्टर कापतो, त्याला डावा-उजवा हात नाही. दुपारी आत्याच्या घरी पोचलो. ओसरीत ती बसली होती, सत्तरीची, वाळलेली, नजर मात्र तशीच. सून वंदना चुलीपाशी. आणि आत्याच्या पुढ्यात तीन-साडेतीन वर्षांची नात, सृष्टी, ताटलीतला वरणभात खात होती. तिच्या डाव्या हातावर जुना मोजा चढवलेला आणि मनगटाशी सुतळी बांधलेली.

"ये मास्तर. इकडं कसा आला?"

"आत्या, हिच्या हाताले काय झालं?"

"काई नाई झालं. होऊ नाई म्हनून बांधला."

वंदना तिकडून म्हणाली, "सांगा सर तुमीच. अंगनवाडीतली बाई म्हनते असू द्या, मी म्हनतो असू द्या. बुढी आयकत नाई. सोडला की पुन्हा बांधते. आपल्यासारखी दुसरी नोको म्हनते. मैत्रिनीचे बोटं कापले ना यायनं, तवापासून भेव बसलं."

म्हणजे या घरातही तेच सांगितलं जात होतं. मी उभ्यानंच बोललो. बसलो असतो तर बोलणं झालं नसतं. कडेची पात, मधली पात, मी काय म्हणालो, बाबांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, सगळं. वंदनाच्या हातातली भाकर तव्यावर करपली. तिनं ती उलटलीही नाही.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "तुमी कदी सांगतलं नाई?"

"कोनाले सांगू? सहाजनी होतो आमी. सहायलेबी माईत होतं."

"आन तुमी सर, आता सांगून राह्यले?"

मी मान हलवली. आत्या माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुह्या बापानं इचारलं होतं, तवा सांगाचं होतं. आता इचारनाराबी गेला." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला पकडायला काहीतरी मिळालं असतं.

वंदना उठली, मुलीपाशी येऊन बसली आणि सुतळीची गाठ सोडू लागली. "मंग त सोडाच हा हात. हातानं केलंच नोतं ते. मानसायनं केलं."

आत्यानं तिचा हात धरला. "म्हनूनच बांधला, बाई. हातानं केलं असतं त हाताले शिकवलं असतं."

वंदना तिच्याकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता मी काही बोलेन. सत्तावीस वर्षं पोरांच्या आयाबापांना समजावतो मी, माझ्याकडे वाक्यांची कमी नाही. एकही वाक्य असं सापडलं नाही की जे या बाईसमोर उभं राहील. वंदनानं गाठ सोडली नाही. तशीच ठेवून चुलीकडे गेली, करपलेली भाकर बाजूला काढली आणि नवी थापायला घेतली.

"बस," आत्या म्हणाली. "जेवाची वेळ हाय. उपाशी नोको जाऊ."

माझ्यापुढे ताट आलं. सृष्टी उजव्या हातानं घास उचलायची, तो तोंडापर्यंत जाता जाता मांडीवर पडायचा, आणि मोज्यातला दुसरा हात आतल्या आत धडपडायचा. आत्या सांडलेली शितं वेचून पुन्हा तिच्या ताटलीत टाकत होती. मी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, खाल्ला. मग दुसरा मोडला. पूर्ण ताट जेवलो मी. माझा उजवा हात एकदाही चुकला नाही.